बिझेन: झिलई न मानणाऱ्या मातीचं शहर

मंडळी, जपानमधलं बिझेन म्हटलं की ज्यांना तलवारी आठवतात त्यांनी आधी नकाशा पाहावा. ओसाफुनेच्या नामांकित तलवारी जुन्या बिझेन प्रांतातल्या खऱ्या, पण ते गाव आज शेजारच्या सेतोउची शहरात मोडतं. आपण बोलतोय ते बिझेन ओकायामा प्रीफेक्चरच्या (म्हणजे प्रांताच्या) आग्नेय कोपऱ्यातलं, १९७१ साली शहर झालेलं. २००५ साली हिनासे आणि योशिनागा ही गावं त्यात आली. वस्ती तीस हजारांच्या आसपास. याची ओळख म्हणजे झिलई (काचेसारखा चकचकीत लेप) न देता भाजलेली मातीची भांडी, आणि त्यांची खरी पुंजी इंबे भागातल्या भातखाचरांच्या पोटात आहे.

खाचरांखाली दोन ते चार मीटरवर बारीक, काळसर चिकणमाती लागते. तिच्यात लोह भरपूर, कुजलेला पालापाचोळाही बराच. भात कापून झालं की हिवाळ्यात ती काढतात आणि काही वर्षं उघड्यावर ऊनपाऊस खात मुरू देतात. चाकावर ही माती लोण्यासारखी वळते, भट्टीत मात्र हट्टीपणा करते. वाळताना आणि भाजताना ती पुष्कळ आक्रसते, साधारण १५ ते २० टक्के. वर झिलई दिली तर ती अंगाला धरून राहत नाही, सुटून येते. ताव एकदम चढवला तर आतला वायू बाहेर पडायला वाट मिळत नाही. भांडं फुगतं नाहीतर तडकतं. म्हणजे झिलई नाही आणि घाईही नाही, हे मातीनंच ठरवून टाकलं. बिझेनच्या साधेपणावर लोक तत्त्वज्ञान रचतात, पण माझ्या मते त्याचं मूळ या नाठाळ मातीत आहे.

सरपण तांबड्या पाइनचं, कारण त्यातल्या राळेमुळे ज्वाळा लांब जाते. पहिले काही दिवस नुसती मंद धग, ओल घालवण्यापुरती. मग हळूहळू १२०० अंश सेल्सियसच्या वर. दहा ते चौदा दिवस पाळ्या लावून रात्रंदिवस लाकूड घालत राहायचं. नंतर भट्टी निवायलाही आठवडाभर द्यायचा; दार लवकर उघडलं तर गार हवेनं तडे जातात.

रंग कुणी लावत नाही. उडालेली राख भांड्याच्या खांद्यावर बसून वितळते, तिथे पिवळसर ठिपके उठतात. त्याला ‘गोमा’ म्हणतात. राखेत आणि निखाऱ्यांत गाडल्या गेलेल्या भांड्याला हवा कमी मिळते, ते निळसर करडं होतं, ते ‘सांगिरी’. आणि ‘हिदासुकी’ तर व्यवहारातून आली. एकात एक रचलेली भांडी चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालत. पेंढ्यातलं पोटॅशियम आणि मातीतलं लोह यांची गाठ पडून लालभडक रेषा उमटल्या. पुढे त्या मुद्दाम काढायला लागले.

या कामाचा वंश कोफुन काळातल्या (साधारण तिसरं ते सहावं शतक) ‘सुएकी’ या करड्या, कडक भाजलेल्या भांड्यांपर्यंत जातो. बाराव्या शतकाच्या सुमारास कुंभार इंबेकडे सरकले. मुरोमाची काळात (चौदावं ते सोळावं शतक) रांजण आणि मसाला वाटायची खरबरीत कुंडी हा मुख्य माल, तो जहाजांनी दूरवर जाई. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चहाविधीच्या जाणकारांनी तोच ओबडधोबडपणा उचलून धरला. इंबेच्या दक्षिण भट्टीचे अवशेष आजही पाहता येतात; लांबी ५० मीटरहून जास्त. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) चिनीमातीची स्वस्त, पांढरी भांडी आली आणि बिझेन मागे पडलं. कानेशिगे तोयो यांनी जुनी, मोमोयामा काळातली (सोळाव्या शतकाच्या अखेरची) हातोटी पुन्हा उभी केली. १९५६ साली ते बिझेनचे पहिले ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरले; पारंपरिक कलेतल्या निष्णातांना जपान सरकार देतं तो हा मान.

मातीचा दुसरा उपयोग शिझुतानी शाळेत दिसतो. सरदार इकेदा मित्सुमासा यांनी १६७० साली सामान्य रयतेच्या मुलांसाठी ती काढली. उभारणी त्सुदा नागातादा यांची. आजचं व्याख्यानगृह १७०१ सालचं, छपरावर बिझेनचीच कौलं. वसतिगृह आणि व्याख्यानगृह यांच्यामध्ये मुद्दाम मातीची टेकडी घातली आहे: मुलांच्या खोल्यांत आग लागली तर ती इकडे येऊ नये म्हणून. पुणेकरांना यात एक ओळखीचा धागा सापडेल. पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या ज्या कोराकुएन बागेवरून केलं, ती बागही याच त्सुदांच्या हातची.

किनाऱ्यावरच्या हिनासेत मातीशी संबंध संपतो. तिथे कालवांची शेती चालते, आणि हिवाळ्यात कालवं घातलेली ओकोनोमियाकी (पीठ-कोबीचं जाड धिरडं) तव्यावरून थेट ताटात येते. तिथल्या कोळ्यांनी १९८५ पासून समुद्रगवताचं बी पेरून उजाड झालेला तळ पुन्हा हिरवा केला, तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा.

इंबेला जायला आको मार्गावरची गाडी घ्या. स्टेशनाबाहेर पडलं की दुकानं सुरू होतात. भांडं घेतलंत तर तळ उलटा करून हाताने चाचपा. खरखरीत असेल तर टेबलावर ओरखडे काढेल, बारीक पॉलिशपेपरने घासून घ्या. वापरण्यापूर्वी थोडा वेळ पाण्यात बुडवा, म्हणजे तेलाचे डाग धरत नाहीत. गॅसवर ठेवू नका. धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात टाकलंत तर बुरशीचा वास धरतं.