नावांची फाइल

मित्रहो, इंटरनेटची कथा सांगताना सगळे २९ ऑक्टोबर १९६९ पासून सुरुवात करतात. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकाकडे ‘लॉगिन’ हा शब्द धाडायचा होता, दोन अक्षरं पोचली आणि पलीकडची यंत्रणा कोलमडली. ते आपण ऐकलेलं आहे. मला बोलायचंय ते नावांबद्दल.

अर्पानेट, म्हणजे इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेतलं संगणकांचं जाळं. त्यावरचे संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखत. माणसांच्या लक्षात राहतात ती नावं. म्हणून प्रत्येक केंद्र कुठलं नाव कुठल्या आकड्याचं याची स्वतःची यादी ठेवायचं आणि या याद्या एकमेकींशी जुळायच्या नाहीत. १९७४ च्या सुमाराला ठरलं की अधिकृत यादी एकच असेल, कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या नेटवर्क माहिती केंद्रात. ते केंद्र एलिझाबेथ फाइनलर चालवत. त्यांचं शिक्षण जीवरसायनशास्त्राचं आणि हातखंडा माहिती नीट लावून ठेवण्याचा. नवा संगणक जोडायचा असेल तर त्यांच्या कार्यालयाला कळवायचं. ते नाव आधी कुणी घेतलेलं नाही ना, हे तिथली माणसं पाहत, फाइलमध्ये नोंद करत आणि मग बाकीचे ती फाइल उतरवून घेत. नावात रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच चालेल, असा नियम होता. हा नियम ध्यानात ठेवा.

संगणक शेकड्यांनी वाढले तेव्हा ही पद्धत तोकडी पडली. एकानं नाव बदललं की सगळ्यांनी पुन्हा फाइल आणायची! या जाळ्याचे नियम सांभाळणारे संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी हा प्रश्न आपले सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे सोपवला. आधीच्या प्रस्तावांतून मधला मार्ग काढा, असं त्यांचं सांगणं होतं. मोकापेट्रिस यांनी स्वतःचीच नवी रचना मांडली, तीच आजची ‘डोमेन नेम सिस्टिम’. ते वर्ष १९८३. पाकिटावरच्या पत्त्यात जिल्हा, तालुका, गाव असतं, तसं हे नाव उजवीकडून डावीकडे उलगडतं. सर्वांत वरच्या सर्व्हरला फक्त ‘.कॉम’ किंवा ‘.इन’ कोण सांभाळतं तेवढं ठाऊक असतं. पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. माझ्या मते यातला खरा पराक्रम अधिकार वाटून देण्याचा आहे. त्यामुळेच ही व्यवस्था शेकड्यांवरून कोट्यवधींपर्यंत वाढली आणि मूळ आराखडा टिकला.

१५ मार्च १९८५ ला सिम्बॉलिक्स या कंपनीनं पहिलं ‘.कॉम’ नाव नोंदवलं. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला आणि वेबचे पत्ते पुढे याच नावांवर उभे राहिले. त्याच वर्षी ‘.इन’ भारताकडे आलं. सुरुवातीची अनेक वर्षं ते सांभाळलं मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीनं. आपल्या देशाची नावं आपल्या शहरातून दिली जात होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता त्या नियमाकडे येऊ. २०१४ मध्ये ‘.भारत’ देवनागरीत आलं. मराठीत पूर्ण पत्ता लिहिता येऊ लागला. पण जगभरच्या नाव-यंत्रणेत आजही रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघच चालते. म्हणून आपण टाइप केलेलं देवनागरी नाव ब्राउझर आधी ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या साखळीत बदलतो, आणि तेच पुढे जातं. मेन्लो पार्कच्या त्या फाइलमधली सवय चाळीस वर्षांनी आपल्या अक्षरांपर्यंत येऊन पोचली ती अशी.

हा बदल वापरणाऱ्याला दिसत नाही, तोवर त्याचा त्रासही नाही. त्रास पुढे आहे. कितीतरी फॉर्म देवनागरी ईमेल पत्ता ‘अवैध’ म्हणून परत करतात. ती अट वरच्या कुठल्या सर्व्हरनं घातलेली नाही. फॉर्म लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरनं घातलेली असते, आणि ती काढायला कुणाची परवानगी लागत नाही. या सभागृहात असे फॉर्म लिहिणारे बरेच जण आहेत. तुमच्या फॉर्ममध्ये एक देवनागरी पत्ता भरून पाहा आणि तो अडला तर ती अट काढून टाका.