सर, तुम्ही घेतली का?

मंडळी, निमंत्रणपत्रिकेत माझा विषय फार भारदस्त छापलाय. साध्या भाषेत सांगतो. जन्मभर दुसऱ्यांना लस टोचणारी माणसं स्वतःवर पाळी आली की बाही खाली का ओढतात?

१६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली. पहिला मान आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांचा. एरवी पहिल्या पंगतीला बसायला भांडणं. इथे जो तो म्हणे, ‘तुम्ही बसा, मी वाढतो.’ (हशा)

आमच्या रुग्णालयातली दुपार. यादी आमच्याच ऑफिसनं केलेली. तीत बदली होऊन गेलेल्या फार्मासिस्टचं नाव होतं, माझं नव्हतं. त्या यादीवर मी बोलायला लागलो तर तुमचा चहा गार होईल, म्हणून सोडतो. तर कोविशील्डची कुपी उघडलेली. एका कुपीत १० डोस, उघडली की ४ तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. टोचायला आठच हात मिळाले. उरलेल्या दोनांसाठी मी वॉर्डावॉर्डांत हात जोडत हिंडतोय, निवडणुकीला उभा राहिल्यासारखा.

टेबलावर आमच्या थोरल्या सिस्टर. तालुक्यातल्या दोन पिढ्यांना बीसीजी आणि गोवराची लस टोचलेला हात. म्हटलं, ‘सिस्टर, तुम्हीच घ्या.’ त्या हब कटरमध्ये सुई कापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘सर, तुम्ही घेतली का?’ मी यादीचं रडगाणं गायलो. ‘बरं. रात्री ताप आला तर उद्याची रजा कुठली धरणार? आणि ही कंत्राटी पोरगी, हिचा पगार कापणार ना?’

मी प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी, परिणामकारकता सगळं पाठ करून गेलो होतो. रजेचं उत्तर नव्हतं. ते दोन डोस फेकले.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटी चार्ट बदलला. लस घेणाऱ्याला पुढचा दिवस सुट्टी. सिस्टर सकाळी पहिल्या नंबरला. कंत्राटी मुलगी मात्र नाही आली. नवं लग्न झालेलं. तेव्हाच्या सूचनांत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना लस नव्हती. गरोदर बायकांना परवानगी मिळाली जुलै २०२१ मध्ये. तिनं थांबणं मला तरी अडाणीपणाचं वाटलं नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ भाषण आता सुरू! (हशा)

भराभर सांगतो. दिल्लीत निवासी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लशीऐवजी कोविशील्ड मागितली. कोव्हॅक्सिनच्या माणसांवरच्या चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष तोवर आले नव्हते, घेताना संमतीपत्रावर सही लागत होती. अंतरिम आकडे मार्चमध्ये आले. शंका विचारणाऱ्याला ‘लसविरोधी’ म्हटलं की तो विचारायचं थांबवतो, बाही मात्र वर करत नाही. आपल्याकडे परिपत्रक येतं, त्यात रोज किती टक्के झालं ते कळवा. कोण का नाही म्हणालं, याला रकानाच नाही.

आणि जिच्याबद्दल कसलाच वाद नाही ती हेपटायटिस बीची, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या काविळीची लस? बाधित रुग्णाची सुई टोचली, तर लस न घेतलेल्याला संसर्गाचा धोका ६ ते ३० टक्के. एचआयव्हीचा ०.३. घाबरतो आपण एचआयव्हीला! लस तीन डोसांची : आज, महिन्यानं, सहाव्या महिन्यात. तिसरा राहतो, कारण तोवर बदली झालेली असते.

पुढच्या रांगेत डॉक्टर मंडळी दिसतायत. तिसरा डोस घेतलेल्यांनी हात वर करा. नंतर लस लागू पडली का म्हणून अँटिबॉडी तपासलेल्यांनी वरच ठेवा… अध्यक्ष महाराज, तुम्हीही खाली केलात?