बर्फाखालचे कुरण

समुद्री बर्फाच्या तळाला दिसणारा तपकिरी थर चिखलाचा नाही. ध्रुवीय समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाची लादी उलटी केली, की तिचा तळ अनेकदा असा दिसतो. १८४०च्या दशकात अंटार्क्टिकाच्या सागरी मोहिमेवर गेलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी बर्फावरचा हा रंग पाहिला आणि तो डायटम या सूक्ष्म शैवालांमुळे आल्याचे ओळखले.

समुद्राचे पाणी गोठताना मीठ बर्फाच्या स्फटिकांत सामावत नाही. ते अतिखारट द्रवाच्या रूपात मागे उरते आणि त्याच्या बारीक वाहिन्यांचे जाळे बर्फात तयार होते. शैवाल याच वाहिन्यांत, मुख्यतः तळाच्या काही सेंटिमीटरमध्ये वाढते. वरचा बर्फ आणि त्यावर साचलेले हिम यांतून झिरपणारा प्रकाश बहुधा पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो, पण तेवढ्यावर त्याचे भागते.

वर्षभराच्या उत्पादनाचा हिशेब मांडला, तर हे शैवाल बहुतेक ठिकाणी वनस्पती-प्लवकांपुढे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींपुढे फिकेच पडते. तरीही त्याला मोल आहे ते वेळेमुळे, कारण पाण्यात खायला जवळजवळ काहीच नसते, तेव्हा ते उपलब्ध असते.

आर्क्टिकमधला कॅलॅनस ग्लेशियालिस हा कोपेपॉड पाहा. जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर लांबीचे हे पारदर्शक कवचधारी जीव हिवाळा खोल पाण्यात काढतात आणि वसंतात वर येतात. मादी बर्फाखालचे शैवाल खाते आणि त्या बळावर अंडी घालते. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले सुरुवातीच्या अवस्थांमध्ये काही खातच नाहीत. ती खाण्याजोगी होईपर्यंत बर्फ विरळ झालेला असतो आणि पाण्यात प्लवकांचा बहर येऊ लागतो. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या रिपफ्योर्ड या खाडीत २००७ साली या दोन बहरांमध्ये सुमारे दोन महिन्यांचे अंतर आढळले. एक बहर आईच्या वाट्याला आणि दुसरा पिल्लांच्या, अशी ही वाटणी आहे. बर्फ लवकर वितळला, तर हे अंतर घटते आणि पिल्ले बहर ओसरल्यावर पोचण्याची भीती असते.

अंटार्क्टिकात हीच निकड क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या कवचधारी जीवाच्या अळ्यांना भासते. प्रौढ क्रिल दीर्घ उपासमार सोसू शकते आणि प्रसंगी आकाराने आक्रसते. अळ्यांकडे मात्र मेदाचा पुरेसा साठा नसतो. पहिल्या हिवाळ्यात त्या बर्फाच्या खडबडीत तळाला लगटून राहतात आणि पायांनी शैवाल खरवडून काढतात. बर्फातले इतर सूक्ष्म जीवही त्यांच्या आहारात असतात, त्यामुळे त्यांना निव्वळ शाकाहारी म्हणता येणार नाही.

पुढची साखळी तशी परिचित आहे. आर्क्टिकमध्ये कोपेपॉडना ध्रुवीय कॉड मासा खातो, त्याला सील आणि सीलला ध्रुवीय अस्वल. दक्षिणेकडे क्रिलवर पेंग्विन आणि देवमासे जगतात. शैवालात तयार झालेली ओमेगा-३ मेदाम्ले याच वाटेने वर चढतात.

कवचधारींच्या तोंडी न लागलेले शैवाल मात्र तळ गाठते. २०१२च्या उन्हाळ्यात आर्क्टिकचा बर्फ विक्रमी प्रमाणात घटला, तेव्हा मेलोसिरा आर्क्टिका या डायटमाचे पुंजके ४,००० मीटरहून अधिक खोल समुद्रतळावर पडलेले संशोधकांना आढळले, आणि समुद्रकाकड्या ते खात होत्या.