परक्या घराची राखण

[दृश्य : अंधारतं कुरण, लाकडी खुराडं, टॉर्चचा हलता उजेड]

संध्याकाळचे पाच वाजलेत. इंग्लंडमध्ये, डेव्हन परगण्यात, नोव्हेंबरात सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आता पूर्ण काळोख आहे. नवरा खुराड्यात डोकं घालून मोजतोय. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजतो. पाचच.

कोंबड्या सहा होत्या. आणि त्या आमच्या नव्हत्या.

[दृश्य : स्वयंपाकघर, टेबलावर कागदांची चळत]

हाउससिटिंग म्हणजे घर राखायला राहणं. मालक सुट्टीवर जातात, आपण त्यांच्या घरात राहायचं, कुत्र्यामांजरांचं बघायचं, झाडांना पाणी घालायचं. पगार नाही आणि भाडंही नाही. जुळवाजुळव संकेतस्थळांवर होते. त्यांतलं एक मोठं, ट्रस्टेडहाउससिटर्स, 2010 साली इंग्लंडमध्येच सुरू झालं. वर्षाची वर्गणी भरायची, स्वतःची माहिती टाकायची आणि स्थळं बघायची. हो, स्थळंच. व्हिडिओ कॉलवर ते आपल्याला जोखतात, आपण त्यांना, आणि मधून त्यांचा कुत्रा येऊन दोघांनाही हुंगून जातो. फक्त कांदेपोहे नसतात.

आम्ही दोघांनी वर्षभराची बिनपगारी रजा टाकली होती. पुण्यातला फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने दिला आणि सप्टेंबरात, गणपती करून, निघालो.

व्हिसाचं गणित मात्र नीट समजून घ्यावं लागतं. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून एका खेपेला जास्तीत जास्त 6 महिने राहता येतं, युरोपातल्या शेंगेन गटाच्या देशांत कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस. शिवाय पैसे घेतले नाहीत तरी राहण्याच्या बदल्यात केलेलं काम हे कामच, असं काही देशांचे सीमेवरचे अधिकारी मानतात. 2022 साली कॅनडात मांजर सांभाळायला निघालेल्या एका ऑस्ट्रेलियन तरुणीला अमेरिकेने लॉस एंजेलिसच्या विमानतळावरूनच परत पाठवलं होतं. आम्ही व्हिसाच्या अर्जात काहीच लपवलं नाही. फुकटची सहल समजून जे हुरळून जातात, त्यांना मी हे आधी सांगते.

[दृश्य : टॉट्नेसचा चढणीचा रस्ता, मग डार्टिंग्टनचं दगडी आवार]

हे पहिलं घर टॉट्नेस गावाजवळचं. दोन म्हातारे कुत्रे, सहा कोंबड्या आणि सूचनांची चौदा पानं. रिसायकलिंगचे कोणते डबे कोणत्या वारी बाहेर ठेवायचे, इथपासून सगळं त्यात होतं. एक ओळ जाड अक्षरात : अंधार पडायच्या आत खुराड्याचं दार लावा. कोल्हा येतो.

त्या दिवशी आम्ही डार्टिंग्टनला गेलो होतो. लिओनार्ड एल्महर्स्ट हा इंग्रज शांतिनिकेतनजवळ श्रीनिकेतनमध्ये रवींद्रनाथांबरोबर शेतीचं काम करायचा. परतल्यावर त्याने आणि त्याची बायको डोरथी हिने 1925 मध्ये ही मोडकळीला आलेली जुनी वास्तू विकत घेतली आणि इथे शाळा, शेती, कला असं सगळं उभं केलं. रवींद्रनाथ स्वतःही इथे येऊन राहिले होते. शांतिनिकेतनचं बी डेव्हनच्या मातीत रुजलेलं बघून आम्ही भारावलो, भिंतीवरची पाटीन् पाटी वाचत बसलो. बाहेर उजेड कधी सरला, कळलं नाही.

रात्री मालकिणीला फोन लावला. काय बोलायचं याची रंगीत तालीम आम्ही तीनदा केली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. एवढंच विचारलं, "कोणती?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोन आठवडे रोज मोजत होतो. तपकिरी होती की ठिपक्यांची, आम्हाला सांगता येईना.

[दृश्य : एडिनबरा, ओला दगडी जिना, दाराच्या मुठीला लटकलेलं कार्ड]

डिसेंबरात एडिनबराला एक मधुमेही मांजर वाट्याला आलं. दर बारा तासांनी इन्सुलिन. मानेमागची कातडी चिमटीत धरायची आणि सुई आत. मालकिणीने निघायच्या आधी दोन दिवस शिकवलं. माझ्या सासूबाई दहा वर्षं स्वतःच्या हाताने इन्सुलिन टोचून घेतात, मी तिथे कधी हात लावलेला नव्हता. सुई कशी धरतात हे मला एका स्कॉटिश मांजराने शिकवलं.

दुपारी पावणेचारला सूर्य मावळायचा. सकाळी सात आणि संध्याकाळी सात ही वेळ बांधलेली, त्यामुळे डोंगराळ स्कॉटलंड बघायचं राहिलंच. एकदा दाराच्या मुठीला कार्ड अडकवलेलं दिसलं : या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. आम्ही झाडला. वरच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्यांदाच हसून मान डोलावली.

[दृश्य : पोर्तुगाल, अलेंतेजू, लालसर बुंध्यांची झाडं]

मार्च ते मे पोर्तुगालमध्ये. बाहेर ऊन आणि घरात काकडायला लावणारी थंडी. भोवती बुचाची झाडं होती. आपल्याकडे पांढऱ्या फुलांचा सडा पाडणारं ते बुचाचं झाड वेगळं, हा ओकच्या जातीतला. त्याची साल दर नऊ वर्षांनी सोलतात आणि बुंध्यावर पांढऱ्या रंगात वर्षाचा शेवटचा आकडा लिहून ठेवतात. 2 लिहिलं असेल तर 2022 ला सोललेलं, आता 2031 पर्यंत हात लावायचा नाही.

शेजारच्या आजोबांनी घराची किल्ली हातात ठेवत म्हटलं, "शाव्ह." नवरा चमकला. आपली चावी! बटाटा, पगार यांच्यासारखी तीही तिथूनच बोटीने आलेली.

[दृश्य : पुणे, लिफ्टचं दार, मग एसटीच्या काचेवर पाऊस]

जूनच्या मध्याला परतलो तेव्हा भाडेकरूंचा करार संपायला दीड महिना होता. स्वतःच्याच घराची बेल वाजवली, टपाल मागून घेतलं, पाणी प्यायलो आणि निघालो. जायचं कुठे? गुहागरला. नवऱ्याचं चिऱ्याचं कौलारू घर, गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर बंद असलेलं.

बंद म्हणजे आमच्या दृष्टीने. शेजारच्या काकूंनी मेमध्येच माणूस लावून घर शाकारून घेतलं होतं. पडवीला झावळ्यांची झापं बांधून झाली होती. तुळशीपुढे दिवा होता. काकूंना सूचनांची चौदा पानं कुणी कधी दिली नाहीत. कुठलं कौल गळतं आणि वाळवी कुठून चढते, हे त्या पाठ म्हणतात. गावच्या राखणदार देवाला वर्षातून एकदा नारळ मिळतो. काकूंना आम्ही दिवाळीला साडी पाठवतो, तीही कुरिअरने.

"आलात? चहा टाकते," त्या म्हणाल्या. नवऱ्याने बॅगेतून बुचाची कोरीव डबी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी उलटसुलट करून बघितली, वास घेतला आणि पदराआड ठेवली.

"आणि हे बघ रे, परवाच्या वाऱ्यात तुमचा एक माड पडला. तुला कळवणार होते."

"कोणता, काकू?"

"अरे कोणता काय, विहिरीकडचा. तुझ्या आजीने लावलेला, तुझ्या बारशाच्या वर्षी."

नवऱ्याने मान हलवली. मग छत्री घेऊन विहिरीकडे बघायला गेला.