विसावा अल्बम

मंडळी, नोव्हेंबर अर्धा उलटला की पाच-सहा जण तरी मला एकच प्रश्न विचारतात. यंदाचं वर्ष इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र असलेल्या, अल्बमच्या दृष्टीनं कसं गेलं? विचारणाऱ्याला एका शब्दाचं उत्तर हवं असतं, ‘भक्कम’ किंवा ‘बेताचं’. २०२५ बद्दल ते उत्तर मी आज देणार आहे. पण ते कशाच्या आधारावर देतो, हे आधी सांगायला हवं. नाहीतर ती केवळ माझी आवड ठरेल.

पहिला प्रश्न मोजायचं काय हा. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं घरच्यांकडून आणि मित्रांकडून उसने पैसे घेतले आणि चार गाण्यांची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड स्वतःच काढली. तिथून पुढे छोट्या लेबलांचं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांचं, पीक आलं. जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्डचा वेगळा चार्ट, म्हणजे खपाची क्रमवारी, सुरू झाला. त्याची अट संगीताविषयी नव्हतीच. रेकॉर्ड दुकानापर्यंत कोण पोचवतं, वितरण मोठ्या कंपनीच्या हातात आहे की नाही, एवढंच पाहिलं जाई. २००९ मध्ये ही अट बदलली आणि लेबलची मालकी कोणाकडे आहे याला महत्त्व आलं. मधल्या काळात बोलण्यात मात्र हा शब्द भलतीकडेच गेला. थोडा खरखरीत गिटार, थोडा संकोचलेला आवाज, की झालं इंडी! मी जुन्या अर्थाला धरून आहे. पैसे कोणाचे आणि शेवटचा शब्द कोणाचा, हे मी बघतो. त्यामुळे अ‍ॅलेक्स जी या गायकाचा ‘हेडलाइट्स’ मी यंदाच्या हिशेबात धरत नाही. जुलैपासून तो अल्बम मी सतत ऐकतोय, मला तो फार प्रिय आहे. पण तो आरसीएनं काढलाय, आणि आरसीए सोनीच्या घरातलं लेबल आहे. प्रेम वेगळं, हिशेब वेगळा.

आता मुख्य गोष्ट. वर्ष जोखताना बहुतेक लोक सर्वांत वरचे दोन-तीन अल्बम बघतात. मला ते पटत नाही. एखादी विलक्षण कलाकृती कोणत्याही वर्षी जन्माला येऊ शकते. तिच्यामुळे वर्षाविषयी फारसं काही कळत नाही. म्हणून मी माझ्या यादीतला विसावा अल्बम बघतो. अशक्त वर्षी विसाव्या जागेवर ‘बरा आहे’ म्हणावं असं काहीतरी असतं, एकदा ऐकून बाजूला ठेवलेलं. भक्कम वर्षी त्या जागेवरचा अल्बमसुद्धा मला सोडवत नाही. तो खाली का राहिला, याचं वाईट वाटतं.

१९९१ चं उदाहरण घ्या. त्या वर्षाचं नाव निघालं की लोक निर्वाणा या बँडचं ‘नेव्हरमाइंड’ आठवतात. तो सप्टेंबरमध्ये आला, आणि तो मोठ्या कंपनीचा होता. तो बाजूला ठेवा. काय उरतं? लंडनच्या क्रिएशन या एकाच छोट्या लेबलनं त्या शरद ऋतूत तीन अल्बम काढले: सप्टेंबरमध्ये प्रायमल स्क्रीमचा ‘स्क्रीमाडेलिका’, नोव्हेंबरमध्ये माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’ आणि त्याच महिन्यात टीनएज फॅनक्लबचा ‘बँडवॅगनेस्क’. एकात नाचाचा ठेका, दुसऱ्यात गिटारच्या आवाजाचं दाट धुकं, तिसऱ्यात साध्या, गुणगुणाव्या अशा चाली. तिन्ही एका घरातली भावंडं आहेत हे सांगूनही खरं वाटू नये. अमेरिकेच्या ‘स्पिन’ मासिकानं तर त्या वर्षी ‘नेव्हरमाइंड’ला मागे ठेवून ‘बँडवॅगनेस्क’ला पहिला क्रमांक दिला. आज अनेकांना ती चूक वाटते. मला वाटत नाही. पहिल्या जागेसाठी इतके वेगळे दावेदार असू शकत होते, यातच त्या वर्षाची ताकद दिसते.

आणि त्याच वर्षाच्या मार्चमध्ये टच अँड गो या शिकागोच्या लेबलनं स्लिंटचा ‘स्पायडरलँड’ काढला. अल्बम बाहेर आला तेव्हा बँड फुटलेला होता. प्रचाराला कोणी नाही, मैफलींचा दौरा नाही. पुढच्या दहा वर्षांत कितीतरी बँडांनी त्या सहा गाण्यांवरून स्वतःची वाट शोधली. पण १९९१ च्या डिसेंबरमध्ये वर्षाचा हिशेब मांडणाऱ्या कितीजणांच्या हिशेबात तो होता?

इथे चालू वर्षाची खरी अडचण येते. माझं स्वतःचं लाडकं वर्ष २००७. द नॅशनलचा ‘बॉक्सर’, पांडा बेअरचा ‘पर्सन पिच’, बुरिअलचा ‘अनट्रू’. पण या अल्बमांबरोबर मी अठरा वर्षं काढली आहेत. आजारपणात, प्रवासात, माणसं गेली तेव्हा ते सोबत होते. यंदाचा सप्टेंबरमधला अल्बम माझ्याबरोबर दोन महिने आहे. ही तुलना बरोबरीची नाहीच. म्हणून मी २०२५ ला २००७ समोर उभं करत नाही. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये मला काय वाटत होतं, ते आठवून त्याच्याशी यंदाची तुलना करतो. तेव्हाच्या वह्या माझ्याकडे आहेत, आणि त्यांत ‘पर्सन पिच’विषयी एवढंच लिहिलंय : लांबलेला, पुन्हा ऐकावा.

समीक्षकांचंही असंच होतं. न्यूट्रल मिल्क हॉटेल या बँडच्या १९९८ च्या अल्बमला पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळानं तेव्हा दहापैकी ८.७ गुण दिले होते. २००५ मध्ये तोच अल्बम पुन्हा निघाला तेव्हा पुरे दहा. अल्बम तोच होता. मधल्या सात वर्षांत लोक त्यात राहून आले होते.

तारखांचाही घोळ असतो. बॉन इव्हेरचा पहिला अल्बम २००७ मध्ये त्यानं स्वतः काढला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये जॅगजॅग्वार लेबलनं तो जगापुढे आणला. तो कोणत्या वर्षाच्या खात्यात टाकायचा? अगदी ताजं उदाहरण गीज बँडचा गायक कॅमरन विंटर याच्या ‘हेवी मेटल’चं. तो ६ डिसेंबर २०२४ ला आला, म्हणजे वर्षातल्या उत्तम अल्बमच्या बहुतेक याद्या छापून झाल्यावर किंवा छपाईला गेल्यावर. लोकांच्या कानांत तो शिरला तो २०२५ मध्ये. कागदावर तो गेल्या वर्षाचा आहे आणि मी तो तिथेच ठेवतो. पण यंदाच्या वातावरणात तो सतत होता, हेही खरं.

तर, २०२५. एक शंका आधी मांडतो. सप्टेंबरमध्ये बिग थीफ, वेन्सडे आणि गीज या बँडांचे अल्बम एकाच महिन्यात आले. वेन्सडेचा ‘ब्लीड्स’ आणि गीजचा ‘गेटिंग किल्ड’ तर लागोपाठच्या दोन शुक्रवारी. त्या महिन्यानंतर ‘काय वर्ष आहे!’ असं सगळीकडे ऐकू येऊ लागलं. मलाही तसं वाटलं, म्हणून मी जरा थांबलो. शेवटी वाढलेलं पान भरगच्च असलं की जेवणच भरगच्च वाटतं. मग मी ते तिन्ही अल्बम बाजूला ठेवले आणि जानेवारी ते ऑगस्ट पुन्हा ऐकून काढलं. पंधरा दिवस लागले.

आणि वर्ष टिकलं. फेब्रुवारीत हॉर्सगर्लचा ‘फोनेटिक्स ऑन अँड ऑन’, मे महिन्यात कॅरोलाइन या लंडनच्या आठजणांच्या गटाचा ‘कॅरोलाइन २’, जुलैमध्ये वेट लेगचा ‘मॉइश्चरायझर’. ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. या तिघांचेही पहिले अल्बम २०२२ चे. तिघांनीही तीन वर्षं घेतली आणि तिघेही दुसऱ्या अल्बममध्ये पहिल्यापेक्षा पुढे गेले. हॉर्सगर्लनं तर पहिल्या अल्बममधला गिटारचा कल्लोळ जवळजवळ सोडूनच दिला. निर्माती केट ल बॉन यांच्याबरोबर काम करताना त्यांनी गाण्यांमध्ये मोकळी जागा ठेवली, आणि त्या जागेत बँडमधल्या तिघींचे आवाज स्वच्छ ऐकू येतात. दुसरा अल्बम अवघड असतो. पहिल्यात आयुष्यभराचं साठवलेलं ओतलेलं असतं, दुसऱ्यासाठी नव्यानं शोधावं लागतं. एकाच वर्षात इतक्या जणांना ते साधतं, तेव्हा मी त्या वर्षाला भक्कम म्हणतो. मात्र त्याची पेरणी २०२२ मध्ये झाली होती, हे विसरू नये.

पल्पनं चोवीस वर्षांनी नवा अल्बम काढला, स्टिरिओलॅबनं पंधरा वर्षांनी. दोन्ही मला मनापासून आवडले. पण त्यांचं श्रेय मी २०२५ ला फारसं देत नाही. ती मुळं फार जुन्या मातीत आहेत.

माझ्या वहीत विसाव्या जागेवर वॉटर फ्रॉम युअर आइजचा ‘इट्स अ ब्यूटिफुल प्लेस’ आहे. जड गिटारीतून अचानक नाचाच्या ठेक्यात जाणारा छोटा, विचित्र, धीट अल्बम. ऑगस्टपासून मी तो वीसेक वेळा ऐकला असेन. विसाव्या जागेवर असा अल्बम असेल, तर माझं उत्तर स्पष्ट आहे : वर्ष भक्कम आहे.

एक काळजी मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच वीसांमध्ये पदार्पणाचे अल्बम मोजले, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही भरत नाहीत. कदाचित ते आलेत आणि माझ्यापर्यंत पोचले नाहीत. दर शुक्रवारी इतकं बाहेर पडतं की एका माणसाच्या कानांना ते पेलत नाही. पण खरोखरच कमी आले असतील, तर २०२८ ची पेरणी विरळ झाली आहे. म्हणून तुमच्याकडे मागणं एवढंच : कोणाचा पहिला अल्बम यंदा तुम्हाला भेटला असेल, तर जाताना समोरच्या कागदावर त्याचं नाव लिहून ठेवा. डिसेंबर अजून आपल्या हातात आहे, आणि गेल्या डिसेंबरनं काय दिलं ते आत्ताच सांगितलं.

आता दिवे थोडे मंद करूया. ‘कॅरोलाइन २’मधलं पहिलं गाणं आपण अख्खं ऐकणार आहोत. सुरुवातीला गिटार आणि ड्रम एकमेकांना चुकवत चालल्यासारखे वाटतील. यंत्रात बिघाड नाही, ते तसंच आहे. थोडा वेळ द्या.