मास्तरांचा खांदा

नमस्कार श्रोतेहो. आज मी फोटोंबद्दल बोलणार आहे. नाच बसवणारा माणूस तालमीत शिकवतोय, अशा वेळचे फोटो. रेडिओवर फोटो दाखवता येत नाहीत, म्हणून सावकाश सांगते. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे असू द्या.

बॅले बसवणारा जॉर्ज बॅलन्शीन, हे नाव काहींनी ऐकलं असेल. जन्म १९०४ चा, सेंट पीटर्सबर्गचा. १९३३ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याची बॅलेची शाळा सुरू झाली. त्याच्या तालमींचे फोटो मार्था स्वोप यांनी वर्षानुवर्षं काढले. या बाई आधी त्याच शाळेत नाच शिकत होत्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पाऊल कुठे पडणार हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं, म्हणून बोट नेमक्या क्षणी बटणावर पडायचं. त्यांचे हजारो फोटो आता न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत आणि घरबसल्या पाहता येतात. जरूर पाहा. साध्या शर्ट-पँटमधला बॅलन्शीन, कधी नर्तिकेचं मनगट धरून, कधी स्वतःच ती पोझ करून दाखवताना.

पण पाहताना एक करा. आधी मागच्या रांगेकडे पाहा. पुन्हा सांगते, शिकवणाऱ्याकडे नंतर, आधी मागच्या रांगेकडे. हे मला मामानं शिकवलं.

मामा गिरगावात राहायचा, नाटकांचे फोटो काढायचा. मी बारा-तेरा वर्षांची असेन. दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रामायणावरच्या बॅलेची तालीम होती. आपल्या मुंबईत नृत्यनाट्याला सर्रास बॅले म्हणतात, ते उगाच नाही. नर्तक उदयशंकर १९२३ मध्ये लंडनला ॲना पावलोव्हा या रशियन बॅले नर्तिकेबरोबर नाचले, आणि त्यांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्रातून आलेल्या शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये इथे मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला. त्यांच्या रामायणात माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी हलायची. असो, मी दादरला होते.

मास्तर साठीचे. लेंगा, बनियन, खांद्यावर पंचा. जटायूचं उड्डाण बसवत होते. त्यांना स्वतःला उडी मारणं आता जमत नव्हतं, म्हणून ते फक्त खांदा उचलायचे आणि तोंडानं बोल म्हणायचे. पण त्या खांद्यात अख्खा पक्षी होता, श्रोतेहो! मुली बघायच्या आणि उडायच्या. दोन तास हे चाललं होतं आणि मामानं फोटो काढले फक्त चार. मी कंटाळले. म्हटलं, "मामा, रीळ छत्तीसचं आहे ना? काढ की!" तो म्हणाला, "अगं, अजून नाच मास्तरांच्याच अंगात आहे. मुलींच्या अंगात येऊ दे."

रात्री त्यानं मोरीच्या दाराला चादर लावली, लाल दिवा पेटवला. ट्रेमधल्या कागदावर आधी मास्तरांचा पंचा उमटला. मग हात. तो हलल्यामुळे पुसट आलेला. मग मागची रांग. आठ मुली, कुणाचाच नंबर नव्हता, नुसत्या उभ्या राहून बघत होत्या, आणि आठही जणींचा उजवा खांदा उचललेला. आणि कडेला दारात चहावाला पोरगा. हातात किटली, आणि त्याचाही खांदा वर! मामा कितीतरी वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "डावा बघ."

डावा खांदा सगळ्यांचा खाली पडलेला. मास्तरांचा डावा हात तरुणपणी मोडला होता, तो खांदा कायमचा उतरलेला. मुलींनी पक्षी घेतला तसा तो खांदाही घेतला होता. पोरग्यानंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मामानं तो फोटो मास्तरांना दिला. मी शेजारीच होते. त्यांनी चष्मा लावला, खिडकीपाशी गेले, परत आले. मला वाटलं, आता रागावणार. ते मुलींना म्हणाले, "पोरींनो, हे माझं दुखणं आहे. नाचात नाही हे. डावा वर घ्या." आणि चार दिवस खुर्चीवर बसून, हात मांडीवर ठेवून, फक्त बोल म्हणून त्यांनी ते उड्डाण पुन्हा बसवलं.

प्रयोगाला आम्ही गेलो. जटायू आला तो दोन्ही पंख ताठ पसरून. रावणाशी झुंज झाली, वार बसला, पंख तुटला. आणि त्या क्षणी जटायूचा डावा खांदा खाली आला, अगदी मास्तरांचा खांदा! मास्तरांनी आपलं दुखणं बरोब्बर तिथे ठेवलं होतं.

म्हणूनच बॅलन्शीनची एक हकीकत मला इतकी जवळची वाटते. अमेरिकेत त्यानं बसवलेला पहिला बॅले 'सेरेनाड', १९३४ चा, चायकोव्हस्कीच्या संगीतावरचा. पहिल्या संध्याकाळी सतरा मुली आल्या, म्हणून सुरुवात सतरा जणींची. एके दिवशी एक मुलगी उशिरा आली, एकदा एक पडली. त्यानं उशिरा येणंही नाचात घेतलं आणि पडणंही घेतलं. आजही तो बॅले तसाच होतो.

आता सगळी तालीम मोबाइलवर चित्रित होते. मुलं घरी जाऊन तेच बघतात. मला हे पटत नाही. पडद्यावर मास्तर दिसतात, पण मागची रांग चौकटीबाहेर राहते, आणि नाच कसा पसरतो ते तिथेच दिसतं. परत सांगते, मागची रांग बघा.

आणि घरात जुने कृष्णधवल फोटो असतील तर कृपा करून लॅमिनेट करू नका. एकदा प्लॅस्टिक चिकटलं की ते निघत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात निगेटिव्हना बुरशी धरते, त्या कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. मामानं तसंच ठेवलं होतं, म्हणून तो फोटो आज माझ्याकडे आहे. मागे त्यानं पेन्सिलीनं लिहिलंय: दादर, एक तीसांश सेकंद, चहावाल्याला एक प्रत देणे.

ती प्रत आम्ही दिली होती. नमस्कार.