आघातातून उमटणारे गाणे

श्रोतेहो, नमस्कार.

विदर्भातल्या खेड्यांत पियानो क्वचितच कोणाच्या घरी असेल. पेटी मात्र गावोगाव आहे. भजन मंडळाच्या खोलीत आहे, काकड्याला आहे, शाळेच्या प्रार्थनेलाही आहे. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ओळख आपल्याला नव्याने करून घ्यावी लागत नाही, आणि याच ओळखीच्या आधाराने मी आज आपल्याशी एका दूरदेशीच्या मैफलीविषयी बोलणार आहे. ही मैफल डिसेंबर १९८२ मध्ये बर्लिन येथे झाली. अर्जेंटिनातील ब्युनॉस आयर्स येथे १९४१ साली जन्मलेल्या मार्था आर्गेरिच यांनी त्या दिवशी सर्गेई राखमानिनॉव्ह या रशियन संगीतकाराचा पियानोसाठी लिहिलेला तिसरा कॉन्चेर्टो वाजवला. साथीला बर्लिनचा रेडिओ सिम्फनी वाद्यवृंद होता आणि संचालन रिकार्दो शायी या तरुण इटालियन संचालकाकडे होते. हा वाद्यवृंद दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, मुळात रेडिओसाठीच उभा राहिलेला होता. मैफलीचे ध्वनिमुद्रण जतन झाले, आणि म्हणूनच अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावात बसूनही ती आम्हांला ऐकता आली.

कॉन्चेर्टो म्हणजे एक प्रमुख वादक आणि सबंध वाद्यवृंद यांच्यासाठी केलेली मोठी रचना. ती बहुधा तीन भागांची असते, स्वर न् स्वर लिहिलेला असतो, आणि तरीही प्रत्येक वादकाच्या हातून ती वेगळी ऐकू येते. लिहिलेले सगळे तेच असताना वेगळे होते ते काय, हा प्रश्न मनात ठेवून ही रचना ऐकली तर तिची गोडी लवकर लागते, असे मला वाटते.

यासाठी पियानोच्या पोटात काय चालते ते थोडे समजून घेतले पाहिजे. पेटीची पट्टी दाबून ठेवली आणि भाता चालू ठेवला की स्वर हवा तितका वेळ टिकतो. भात्याच्या जोरावर तो मधेच वाढवताही येतो. पियानोत असे नाही. पट्टी दाबताच नमद्याने मढवलेली एक हातोडी तारांवर आपटते आणि तत्क्षणी मागे येते. त्यानंतर त्या स्वरावर वादकाची काहीही सत्ता उरत नाही. स्वर जन्मतो त्याच क्षणापासून विरू लागतो. तो केव्हा थांबवायचा, एवढेच काय ते वादकाच्या हाती राहते. मोठ्या सभागृहातला पियानो सुमारे नऊ फूट लांब आणि अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचा असतो, त्याला ८८ पट्ट्या असतात, दोनशेहून अधिक तारा असतात, आणि त्या तारांचा एकत्रित ताण वीस टनांच्या घरात जातो. एवढे हे बलदंड वाद्य. पण एक स्वर वाढवत नेणे, जे आपल्या गावातला कोणताही भजनी सहज करतो, ते त्याला जमत नाही.

स्थिर पट्ट्यांच्या वाद्यावर गाता येते का, हा वाद आपल्याकडेही झालेला आहे. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही, श्रुतींचे बारकावे येत नाहीत, या कारणांनी आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला आपल्या कार्यक्रमांतून दूर ठेवले होते. आक्षेपात तथ्य होते. पण गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्याच पेटीवर गायकी अंगाने वाजवून दाखवले, हेही तितकेच खरे आहे. पियानोची अडचण पेटीपेक्षा मोठी आहे, कारण त्याच्याकडे मींड तर नाहीच, शिवाय टिकणारा स्वरही नाही. राखमानिनॉव्ह यांनी या रचनेच्या सुरुवातीच्या धुनेविषयी पुढे लिहिले की, एखाद्या गायकाने गावी तशी ती धून आपल्याला पियानोवर ‘गायची’ होती. माझ्या मते या संपूर्ण रचनेची खरी कसोटी तिथेच आहे.

लोक सहसा दुसऱ्या कसोटीविषयी बोलतात. हा कॉन्चेर्टो पियानोसाठी लिहिलेल्या सर्वांत अवघड रचनांपैकी एक मानला जातो. स्वतः राखमानिनॉव्ह सहा फुटांहून बरेच उंच होते, त्यांच्या पंजाचा आवाका विलक्षण होता, आणि त्यांनी त्या पंजाला शोभेल असेच लिहिले. ज्यांना ही रचना अर्पण केली ते योसेफ हॉफमन त्या काळचे थोर पियानोवादक होते, पण त्यांनी ती जाहीर कार्यक्रमात कधीच वाजवली नाही. रचना १९०९ च्या उन्हाळ्यात इवानोव्का या खेड्यातल्या वाडीवर लिहून झाली. हे ठिकाण रशियाच्या तांबोव प्रांतात, दूरवर पसरलेल्या शेतांच्या मधोमध होते. राखमानिनॉव्ह यांना त्या शेतीचा मनापासून लळा होता आणि मैफलींतून मिळालेला पैसा ते तिथल्या शेतीत घालत. (त्याच वर्षी आपल्याकडे, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म झाला.) अमेरिकेच्या दौऱ्यापूर्वी सरावाला वेळ मिळाला नाही, म्हणून जहाजावर त्यांनी आवाज न करणाऱ्या, नुसत्या पट्ट्यांच्या फळीवर बोटे फिरवून सराव केला. २८ नोव्हेंबर १९०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर डॅमरॉश यांच्या संचालनाखाली त्यांनी स्वतः ही रचना प्रथम सादर केली, आणि पुढच्या जानेवारीत गुस्ताव माहलर यांच्यासारख्या श्रेष्ठ संचालकाबरोबर पुन्हा वाजवली.

आता बर्लिनच्या मैफलीकडे वळतो. सुरुवातीला वाद्यवृंद केवळ दोन मात्राखंड हेलकावणारी लय धरतो आणि लगेच पियानो येतो. इतक्या अवघड म्हणून गाजलेल्या रचनेत पियानोचा प्रवेश कसा असेल, अशी अपेक्षा आपण करतो. प्रत्यक्षात दोन्ही हात एका सप्तकाच्या अंतराने एकच साधी धून वाजवतात. ना स्वरसमूह, ना तानांची आतषबाजी. पांढरी दोन हा षड्ज धरला तर धून कोमल गंधाराला स्पर्श करून उतरते, खालच्या शुद्ध निषादावर जाते आणि पुन्हा षड्जाकडे येते. जवळजवळच्या स्वरांतच ती फिरत राहते. तिच्यात रशियन चर्चमधल्या प्रार्थनागीताचे साम्य काही अभ्यासकांना दिसले; राखमानिनॉव्ह यांनी मात्र ती कुठूनही घेतली नसून आपोआप सुचली, असे सांगितले.

आर्गेरिच ही धून इतर अनेक वादकांपेक्षा चपळ गतीने घेतात, आणि तरीही ती घाईची वाटत नाही. असे का, हे कळायला मला अनेकदा ऐकावे लागले. पहिला स्वर विरत विरत ज्या पातळीला आलेला असतो, त्याच पातळीवर त्या पुढचा स्वर ठेवतात. तो किंचित जोरात पडला असता तर ठोका ऐकू आला असता, किंचित हलका पडला असता तर धून तुटली असती. प्रत्येक आघात आधीच्या आघाताच्या उरलेल्या नादात मिसळत जातो, आणि कानाला वाटते की स्वर एकमेकांत ओघळत आहेत. बोटाच्या टोकाशी, सेकंदाच्या अगदी लहान अंशात घेतलेले हे निर्णय आहेत, आणि ते चाळीस मिनिटे अखंड घेत राहायचे असतात.

मागच्या हिवाळ्यात, वेचणीची गर्दी सरल्यावर, आमच्या भजन मंडळाच्या खोलीत आम्ही काही जणांनी ही मैफल मोठ्या स्पीकरवर ऐकली. मंडळाचे वयस्कर पेटीमास्तर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते, आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटे मांडीवर हलत होती. सुरुवातीची धून संपता संपता त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, ‘थे बाई त पट्टी ठोकून राह्यली, पन आयकाले येते गायल्यावानी. कसं करते जी थे?’ दुसऱ्या दिवशी त्यांनी ती धून पेटीवर बसवली. पेटीवर ती सुरेख वाजली, किरवाणीची छटाही त्यांना तिच्यात सापडली. पण पेटीला जे भात्याने आयते मिळते ते पियानोवर बोटांनी निर्माण करावे लागते, हे त्यांनीच पट्टी दाबून आणि सोडून सगळ्यांना दाखवले. मी एवढ्या वेळात जे सांगितले ते त्यांनी दोन मिनिटांत समजावले होते.

पुढे रचना दाट होत जाते. एकाच हाताची तीन बोटे लाटांसारखी साथ देत असतात आणि त्याच हाताच्या करंगळीने धून वर तरंगती ठेवायची असते. कित्येक वादकांच्या हातून इथे धून बुडते आणि केवळ स्वरांचा पूर उरतो. आर्गेरिच यांच्या वादनात वेग वाढतो, नाद गडद होतो, पण करंगळी आपले गाणे सोडत नाही.

पहिल्या भागाच्या उत्तरार्धात कॅडेन्झा येतो, म्हणजे वाद्यवृंद थांबतो आणि पियानो एकटाच वाजतो. राखमानिनॉव्ह यांनी याची दोन रूपे लिहून ठेवली आहेत. एक भरघोस स्वरसमूहांचे, अवजड आणि भव्य. दुसरे हलक्या पावलांचे, चपळ. आज पुष्कळ वादक अवजड रूप निवडतात, आणि तेच वाजवणे हे शौर्य आहे, असेही काही रसिक मानतात. आर्गेरिच हलके रूप वाजवतात. मला त्यांची निवड योग्य वाटते. अवजड रूपात रचना क्षणभर थबकून आपले बळ दाखवते. हलक्या रूपात ती धावत राहते आणि धावता धावताच शिखरावर पोहोचते, आणि त्यांच्या वादनाचा सारा स्वभाव असा धावता आहे. स्वतः राखमानिनॉव्ह यांनीही आपल्या ध्वनिमुद्रणासाठी हेच रूप निवडले होते, हे इथे नोंदवण्यासारखे आहे. शिखरानंतरचा प्रसंग मात्र दोन्ही रूपांना सारखाच आहे, आणि तो मला फार प्रिय आहे. पियानो शांत होऊन नुसत्या झंकारत्या लहरी सोडू लागतो आणि त्यांच्यावर बासरी सुरुवातीची धून घेऊन येते. मग सनईच्याच कुळातला ओबो, मग आपल्या बँडपार्टीतून परिचित असलेले क्लॅरिनेट, मग हॉर्न हे पितळी फुंकवाद्य. आतापर्यंत जो पियानो फुंकून वाजणाऱ्या वाद्यांसारखा गाऊ पाहत होता, तो आता त्याच वाद्यांना साथ देतो. आर्गेरिच इथे इतक्या मागे सरतात की प्रमुख वादक कोण, हे काही क्षण विसरायला होते.

दुसऱ्या भागाची सुरुवात वाद्यवृंदाकडे आहे आणि ओबोची उदास धून तिथे बराच वेळ रेंगाळते. पियानो येतो तो अचानक, उतरत्या स्वरांचा लोंढा घेऊन. या भागाच्या शेवटाकडे एक नाचरा तुकडा आहे. पियानो भराभर बारीक स्वर पेरत जातो आणि खाली क्लॅरिनेट आणि बासून ही फुंकवाद्ये पहिल्या भागातली तीच धून वेगळ्या चालीत वाजवतात. पहिल्यांदा ऐकताना ती ओळखू येत नाही. तीन-चार वेळा ऐकल्यावर एकदम ओळखू येते, आणि तो आनंद ज्याचा त्याने मिळवावा असा आहे.

तिसरा भाग दुसऱ्याला जोडूनच, मधे न थांबता सुरू होतो. इथे आर्गेरिच आणि शायी दोघेही फार मोठी जोखीम पत्करतात. गती अशी आहे की, वाद्यवृंद आणि पियानो यांची गाठ क्षणभर जरी सुटली असती तरी ती सावरायला जागा नव्हती. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत चुकलेला तुकडा पुन्हा वाजवता येतो, चांगले तेवढे तुकडे निवडून जोडता येतात. भरल्या सभागृहात निसटलेला स्वर निसटलाच. त्यामुळे जिवंत मैफलीत वादकाला सावधपणे वाजवण्याचा मोह होतो, आणि तो समजण्यासारखाही आहे. आर्गेरिच त्या मोहाला थारा देत नाहीत. शेवटच्या पानांत डी मायनर या कोमल गंधाराच्या स्वरावलीची उदासी सरून डी मेजर या शुद्ध गंधाराच्या स्वरावलीचा उजेड येतो, मोठी धून सगळा वाद्यवृंद आणि पियानो मिळून गातात, आणि तिथेसुद्धा, शंभर वाद्यांसारख्या गजरात, पियानोचा स्वर ठोकल्यासारखा कर्कश होत नाही. पहिल्या ओळीत जे गाणे होते ते शेवटच्या ओळीपर्यंत टिकते. या वादनाला मी थोर म्हणतो ते यासाठी.

ज्यांना ही मैफल ऐकायची असेल त्यांना एक व्यावहारिक सूचना करतो. मोबाइलच्या लहान स्पीकरवर ती ऐकू नका, कारण त्यात पियानोचे खालचे स्वर जवळजवळ नाहीसेच होतात. साधे इअरफोन असले तरी चालतील. पहिल्या बैठकीत केवळ सुरुवातीची दोन-तीन मिनिटे पुन्हा पुन्हा ऐका आणि धून गुणगुणता येऊ द्या, मग पूर्ण रचना लावा. त्यानंतर शक्य झाल्यास १९ मे १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेली व्हॅन क्लायबर्न यांची मैफलही जरूर मिळवा. तेवीस वर्षांच्या या अमेरिकन तरुणाने थोड्याच दिवसांपूर्वी मॉस्कोतली पहिली चायकोव्हस्की स्पर्धा जिंकली होती. किरिल कोन्द्राशिन यांच्या संचालनाखाली त्याने हीच रचना निवांत, ऐसपैस गतीने वाजवली आहे, आणि कॅडेन्झा अवजड रूपातला घेतला आहे. दोन्ही मैफली एकापाठोपाठ ऐकल्या की, लिहिलेले स्वर तेच असताना वादक त्यात आपले काय घालतो, ते आपल्या कानांना आपोआप कळू लागेल. नमस्कार.